काळजी करावी की घ्यावी?



मराठी वाचताना तुम्हांला सर्वांत जास्त छळणारे अक्षर कोणते? बहुतेक जण 'ळ' असेच सांगतील. आपल्या उर्दूत ते नाही. त्यामुळे 'बाळ रडते' हे वाक्य आपल्या तोंडून 'बाल रडते' असे निघते आणि वर्गात खसखस पिकते. केस कसे रडतील? आज मी ज्या शब्दाविषयी लिहिणार आहे, त्यातही हा 'ळ' आहेच. तो शब्द म्हणजे 'काळजी'.

या शब्दाची गंमत पाहा. मराठीत काळजी करतात आणि काळजी घेतातही. क्रियापद बदलले की अर्थ बदलतो. ताप आला असता आई उशाशी बसते, वेळेवर औषध देते. ती तुमची काळजी घेते. परंतु 'पेपर अवघड गेला तर? नापास झालो तर? लोक काय म्हणतील?' असे म्हणत तुम्ही रात्रभर कूस बदलत राहता, तेव्हा तुम्ही काळजी करता. घरी आपण याला फिक्र म्हणतो, कधी वसवसा म्हणतो. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण मराठीत उगाच आलेली नाही.

"काळजी करू नकोस," असे मोठी माणसे सहज सांगतात. माझ्या मते हा सल्ला निरुपयोगी आहे. एक तर काही काळज्यांना खरे कारण असते. पाऊस लांबला की आपल्या सोयगाव तालुक्यात कपाशी लावलेल्या घरात कोण निवांत झोपते? दुसरे असे, की मन हुकूम ऐकत नाही. अजिंठा लेण्यांजवळच्या वानरांचा आता मुळीच विचार करू नका, असे मी म्हटले तर? आलीच ना डोळ्यांसमोर!

मी बी.एड. करत होते तेव्हाची गोष्ट सांगते. मला एका मराठी शाळेत सराव पाठ घ्यायचा होता. आदल्या रात्री झोप लागली नाही. वर्गात हात कापू लागला, खडू मोडला आणि मी 'कालजी' म्हणाले. मागच्या बाकांवरची मुले हसली. पुढच्या पाठाच्या दिवशी मी पोटदुखीचे निमित्त करून घरीच राहिले. त्या दिवशी फार बरे वाटले. परंतु तिसऱ्या पाठाची भीती पहिल्यापेक्षा दुप्पट झाली. टाळल्याने भीती कमी होत नाही, ती पोसली जाते, हे मला तेव्हा कळले.

त्याच सुमारास अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांच्याविषयी वाचनात आले. तरुणपणी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना सभेत बोलण्याची फार भीती वाटे. ती घालवण्यासाठी ते मुद्दाम वारंवार सभेत बोलू लागले. १९५५ मध्ये त्यांनी उपचाराची नवी पद्धत मांडली. महाराष्ट्रातील मानसोपचारतज्ज्ञ किशोर फडके यांनी त्यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत मराठी माणसांपर्यंत पोचवली. तिचे सार असे : केवळ प्रसंग आपल्याला छळत नाही, त्या प्रसंगाविषयी आपण मनाशी जे म्हणतो ते छळते.

मी कागद घेतला आणि मनातले वाक्य लिहिले : 'मी चुकताच कामा नये.' लिहिल्यावर ते वाक्य मला हट्टी मुलासारखे वाटले. असा नियम केला कोणी? मग खाली लिहिले : 'चुकू नये अशी माझी इच्छा आहे. चुकले तर वाईट वाटेल, पण पाठ पुढे चालू राहील.' त्यानंतर धाकट्या भावाला समोर बसवून तोच पाठ दहा वेळा घेतला. तो कंटाळला, मी मात्र सुधारले. वर्गात मुले पुन्हा हसलीच, पण पाठ पूर्ण झाला.

छाती धडधडणे, हातपाय गार पडणे, पोटात कालवणे यांनाही घाबरू नका. धोका जाणवला की शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करते. मराठीचा तास हा काही वाघ नव्हे, पण शरीराला ते कोण सांगणार? सावकाश श्वास घ्या आणि घेतला त्याहून अधिक वेळ लावून तो सोडा. काही मिनिटांत धडधड उतरू लागते.

माझ्या वर्गातील एक मुलगी प्रकट वाचनाच्या दिवशी हमखास गैरहजर राहत असे. दोष तिचा एकटीचा होता का? मला तसे वाटत नाही. हसणारे आम्ही सगळे त्याला जबाबदार होतो. आता आमच्या वर्गात एक नियम आहे : जो हसेल त्याने पुढचा परिच्छेद वाचायचा. तेव्हापासून हसणे पुष्कळच कमी झाले आहे. ती मुलगी आता वाचते. अडखळते, पण वाचते.

काही वेळा मात्र हे उपाय पुरत नाहीत. कित्येक आठवडे झोप येत नाही, जेवण जात नाही, जगणे नकोसे वाटते. अशा वेळी गप्प राहू नका. घरी सांगा, शिक्षकांना सांगा, डॉक्टरांकडे जा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, मराठीतही बोलता येते. तुम्ही 'कालजी' म्हणालात तरी पलीकडच्या माणसाला समजेल.