करारांचे वर्ष आणि काजूचा हिशेब

कोकणचा कॅलिफोर्निया करण्याचे आश्वासन सिंधुदुर्गाच्या मतदारांनी अनेक निवडणुकांत ऐकले आहे, आणि सरत्या वर्षात आंतरराष्ट्रीय व्यापार करारांच्या बातम्यांचा आधार मिळाल्याने ते नव्या जोमाने पुन्हा पुन्हा दिले गेले. प्रस्तुत अंकाच्या संपादक मंडळाला वर्षभर सलत राहिलेली गोष्ट अशी की, हे आश्वासन देणाऱ्यांपैकी कोणीही कॅलिफोर्निया मुळात कसा घडला हे सांगत नाही, आणि करारांचे स्वागत करणाऱ्यांपैकी कोणीही कुडाळ, वेंगुर्ले, मालवण वा देवगड तालुक्याच्या पदरात त्यांतून नेमके काय पडणार याचा हिशेब मांडत नाही. गुंतवणुकीचा आकडा राज्याचा, रोजगाराचा आकडा देशाचा आणि जाहिरात मात्र गल्लीतल्या फलकावर, असा हा प्रकार आहे.

वर्षाचा आढावा थोडक्यात घेतला तरी पुरे. जानेवारी २०२५ मध्ये दावोस येथे महाराष्ट्र शासनाने सुमारे १५.७० लाख कोटी रुपयांचे सामंजस्य करार केले. सामंजस्य करार म्हणजे दोन पक्षांनी आपला इरादा लेखी नोंदवणे, ज्यामुळे गुंतवणूक करण्याचे कायदेशीर बंधन सहसा कोणावरही येत नाही. ११ जुलैला सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग यांच्यासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, ही निर्भेळ आनंदाची वार्ता होती. २४ जुलैला ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्या, २७ ऑगस्टपासून अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावल्यामुळे कोळंबीच्या निर्यातदारांपुढे संकट उभे राहिले, आणि १ ऑक्टोबरपासून स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिक्टेन्स्टाइन या चार देशांच्या गटाशी झालेला करार लागू झाला, ज्यात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि दहा लाख रोजगार यांचे उद्दिष्ट ठेवलेले आहे.

दूरच्या राजधान्यांत झालेल्या कराराने या किनाऱ्याचे भवितव्य ठरण्याची ही पहिली वेळ नव्हे. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली, आणि एकोणिसाव्या शतकात बेळगाव-धारवाडकडचा कापूस व अन्य माल घाट उतरून याच बंदरात येत असे. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत एक करार झाला. त्यानुसार गोव्याच्या हद्दीत मुरगाव बंदर आणि तेथून घाटमाथ्यापर्यंतचा लोहमार्ग बांधण्याचे ठरले, आणि १८८८ मध्ये तो मार्ग सुरू होताच देशावरचा व्यापार वेंगुर्ल्याकडे पाठ फिरवून मुरगावकडे वळला. पुढे १८९२ मध्ये तो करार संपुष्टात आला. रूळ मात्र राहिले, आणि वेंगुर्ल्याचा गेलेला व्यापार परत आला नाही. करार माल कोणत्या वाटेने जाईल हे ठरवतो आणि त्या वाटेवर ज्यांची तयारी असते त्यांनाच तो फळतो, हा धडा या जिल्ह्याने इतक्या मोठ्या किमतीला घेतलेला आहे की तो विसरणे परवडणारे नाही.

आता ज्या कॅलिफोर्नियाचे नाव उठताबसता घेतले जाते त्याकडे वळणे योग्य होईल. तेथील संत्री-मोसंबी उत्पादक एके काळी दलालांच्या मर्जीवर जगत होते. १८९३ मध्ये त्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात स्वतःची विक्री संघटना उभी केली, फळांची प्रतवारी व बांधणी आपल्या हाती घेतली आणि पुढे सनकिस्ट या एकाच नावाने माल विकला. बदाम उत्पादकांनी १९१० मध्ये तोच मार्ग धरला, आणि आज भारतातील दिवाळीच्या सुकामेव्याच्या डब्यांत जो बदाम दिसतो तो बहुधा त्यांच्याच प्रदेशातला असतो. लिंबूवर्गीय फळांसाठी त्या राज्याने १९०७ मध्ये संशोधन केंद्र काढले. संशोधनाच्या बाबतीत सिंधुदुर्गही मागे राहिलेला नाही: वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासून कार्यरत आहे आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या त्याने दिलेल्या काजूच्या जाती राज्याबाहेरही लावल्या जातात. उणीव आहे ती बागायतदारांच्या एकजुटीच्या विक्रीची आणि मालावर गावातच होणाऱ्या प्रक्रियेची. कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांना मात्र न्याय्य मजुरीसाठी १९६५ मध्ये डेलानो येथे प्रदीर्घ संप करावा लागला होता, हेही त्या राज्याचे अनुकरण करू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

मालाची किंमत कोठे वाढते हे काजूइतके स्पष्ट दुसरे कोणतेही पीक दाखवत नाही. फाल्गुन-चैत्रात बोंडूपासून वेगळी केलेली बी उन्हात वाळवली जाते, कारखान्यात ती वाफवतात, आणि मग कटिंग यंत्रावर बसलेली स्त्री एका हाताने बी पात्यांमध्ये धरते, पायाने दांडा दाबते आणि फुटलेल्या टरफलातून गर अखंड राहील अशा बेताने सुटा करते. टरफलातील तेलाने कातडी काळी पडते व सोलते, म्हणून हातांना आधीच तेल किंवा राख लावावी लागते. सुटा झालेला गर बोर्म्यात, म्हणजे गरम हवेच्या भट्टीत, सुकवल्यावर त्याची तांबूस साल काढून प्रतवारी होते: १८० नंबर म्हणजे एका पौंडात, अर्थात सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण तितकेच मावणारे मोठे गर, ३२० नंबर त्याहून लहान, आणि त्याखाली पाकळी, तुकडा व कणी. चार किलोच्या आसपास बी फोडावी तेव्हा किलोभर गर हाती येतो, आणि या सगळ्या साखळीत शेतकऱ्याला भाव मिळतो तो केवळ पहिल्या पायरीचा.

त्या पहिल्या पायरीवरचा भावही त्याच्या हातात नाही. भारतातील कारखान्यांना वर्षभर काम मिळावे म्हणून आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया अशा आफ्रिकी देशांतून मोठ्या प्रमाणावर कच्ची बी आणली जाते. तिच्यावरील आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले, आणि परदेशी बी बंदरात उतरली की स्थानिक बीचा भाव खाली येतो, हा येथील बागायतदारांचा नेहमीचा अनुभव आहे. शुल्क वाढवले तर लहान कारखाने बंद पडतात आणि कमी ठेवले तर बागायतदार बुडतो, असा हा पेच असून केवळ शुल्काची टक्केवारी बदलून तो सुटणार नाही. जगात सर्वाधिक काजूगर निर्यात करणारा व्हिएतनाम स्वतःच आफ्रिका आणि कंबोडियातून बी आयात करतो, यावरून या धंद्यातील नफा प्रक्रियेच्या कौशल्यात दडलेला आहे हे उघड होते. आफ्रिकी देशांनीही ते ओळखले असून बेनिनने एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूच्या निर्यातीवर बंदी घातली. जे बेनिनला उमगले ते सिंधुदुर्गाला उमगू नये, याचे दुःख वाटते. गोव्याने बोंडूपासून काढलेल्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले, आणि सीमेच्या अलीकडे मात्र तोच बोंडू बहुतांशी झाडाखाली कुजतो.

आंब्याची कथा निराळी असली तरी तिचे तात्पर्य हेच आहे. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि २०१५ च्या आरंभी ती उठवली. मे २०२५ मध्ये वाशी येथे विकिरण प्रक्रिया, म्हणजे किडीचा बंदोबस्त करण्यासाठी ठरावीक मात्रेत किरणांचा मारा, केलेल्या आंब्यांच्या १५ खेपा कागदपत्रांतील त्रुटींमुळे अमेरिकेत नाकारल्या गेल्या आणि तेथेच नष्ट कराव्या लागल्या. शुल्क शून्य झाले तरी कीड, औषधांचे अंश आणि कागद या तीन चाळण्यांतून माल पार पडावा लागतो, आणि त्या चाळण्या सांभाळणारी प्रशिक्षित माणसे ज्या तालुक्यात नाहीत त्याला कोणत्याही मुक्त व्यापाराचा लाभ होत नाही.

येथे प्रश्न माणसांवर येऊन ठेपतो. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा रिता होत गेला. मुंबईच्या गिरण्यांनी येथील पिढ्या पोसल्या आणि चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर गावे जगली, पण १९८२ च्या संपानंतर तो आधार कोसळला, तरीही गावी काम उभे राहिले नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. तिने माणसांची ये-जा सोपी केली, हापूस मात्र आजही मुख्यतः ट्रकनेच वाशीला जातो. कुडाळ-सावंतवाडीकडचे तरुण नोकरीसाठी गोव्यात जातात, तर देवगडच्या आंबा बागांत राखणीला नेपाळी कामगार असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, ज्यात पहिल्या टप्प्यासाठी १०,००० जणांचे उद्दिष्ट जाहीर झाले. येथील मुला-मुलींनी जर्मन शिकून सन्मानाने परदेशी जावे याला कोणाचाही आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो परदेशासाठी भाषेसह प्रशिक्षण देण्याची तत्परता दाखवणारी व्यवस्था कुडाळच्या औद्योगिक वसाहतीला लागणारा प्रतवारीकार, शीतगृह-तंत्रज्ञ किंवा निर्यातीची कागदपत्रे जाणणारा कारकून घडवण्याबाबत उदासीन राहते याला.

म्हणून हा अंक एक मागणी स्पष्टपणे मांडतो. जिल्हा नियोजन समितीने दरवर्षी तालुकावार हिशेब प्रसिद्ध करावा: तालुक्यात पिकलेल्या काजू बीपैकी किती बी तालुक्यातच फोडली गेली, त्या कामाला काय मजुरी मिळाली, आणि येथे प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी किती जण दोन वर्षांनंतरही येथेच कामावर आहेत. हे आकडे एकदा चव्हाट्यावर आले की कोणता करार कामाचा आणि कोणता केवळ छायाचित्रापुरता, हे ठरवायला तज्ज्ञांची गरज उरणार नाही. बागायतदारांनीही शासनाकडे अनुदान मागत असतानाच प्रतवारी आणि विक्री यांसाठी एकत्र आले पाहिजे, कारण ते काम कोणतेही सरकार त्यांच्या वतीने करू शकणार नाही.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग कोकणातील बंदरांवर आहे. त्यातील लेखांत इतिहास, निसर्ग आणि आठवणी भरपूर आहेत, पण बंदराचा विचार व्यापाराविना अपुरा आणि व्यापाराचा विचार कष्टकऱ्यांविना पोकळ राहतो, या जाणिवेनेच हे संपादकीय त्या विभागाला जोडले आहे. अंकाचे वाचक वर्षानुवर्षे सोबत आहेत आणि मतभेद झाले तरी पत्र लिहून भांडण्याचा हक्क त्यांनी बजावलेला आहे, त्यामुळे त्यांच्याकडून एवढी अपेक्षा ठेवण्यास हरकत नसावी: येत्या निवडणुकीत कोणी दारात येऊन कॅलिफोर्नियाचे नाव घेईल, तेव्हा त्याच्याकडे आपल्या तालुक्याचे हे आकडे मागावेत, आणि ते देता आले नाहीत तर त्या आश्वासनावर मत देऊ नये.