गच्चीवरचे विमान आणि नियमांची वाट

मीरा रोडहून चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल तिसऱ्या स्थानकावर कांदिवलीला थांबते. त्या कांदिवलीतील चारकोपमध्ये, एका निवासी इमारतीच्या गच्चीवर, अमोल यादव या वैमानिकाने सहा आसनी विमान बांधले. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या अरुंद जिन्यातून यंत्रे आणि सुटे भाग वर नेण्यात आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा हे विमान क्रेनने खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलात मांडण्यात आले. तोपर्यंत वेडेपणा म्हणून हिणवले गेलेले काम एका आठवड्यात राष्ट्रीय कौतुकाचा विषय झाले.

कौतुक रास्तच होते. आधीचे दोन प्रयत्न तडीस गेले नसतानाही यादव यांनी तिसरे विमान हाती घेतले होते. परंतु त्यानंतरची कहाणी विमानाच्या बांधणीपेक्षा अधिक बोधप्रद आहे. नोंदणीसाठी त्यांनी २०११ मध्येच अर्ज केला होता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे सर्वपरिचित ‘डीजीसीए’ने, नोंदणी दिली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी मिळण्यास ऑक्टोबर २०१९ उजाडले आणि चाचणी उड्डाणांचा पहिला टप्पा धुळ्याच्या धावपट्टीवर ऑगस्ट २०२० मध्ये पार पडला. अर्जापासून उड्डाणापर्यंत नऊ वर्षे गेली.

या प्रवासात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लक्ष घातले आणि विषय पंतप्रधानांपर्यंत गेला. विमानाचे नोंदणीचिन्ह ‘व्हीटी-एनएमडी’ असे आहे. त्यातील अक्षरे नरेंद्र मोदी आणि देवेंद्र यांच्या नावांवरून घेतल्याचे यादव यांनीच सांगितले होते. कृतज्ञता व्यक्त करण्यात गैर काहीच नाही. मात्र एखाद्या यंत्राची तपासणी होऊन त्याला परवाना मिळावा, या साध्या प्रशासकीय गोष्टीसाठी मुख्यमंत्री आणि पंतप्रधानांचे आभार मानावे लागत असतील, तर दोष व्यवस्थेत आहे. ज्याच्यामागे मुख्यमंत्री उभे राहणार नाहीत, अशा पुढच्या माणसाने काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

असा पुढचा माणूस मीरा-भाईंदरमधलाही असू शकतो. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये स्टीलची भांडी घडवणाऱ्या उद्योगाची मोठी परंपरा आहे. पत्रा कापणे, दाबणे, जोडणे ही कौशल्ये या शहराला नवीन नाहीत. हलक्या विमानाचा सांगाडा तत्त्वतः याच जातीचे काम आहे. फरक आहे तो अचूकतेचा आणि नोंदींचा. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातले रिव्हेटचे एक छिद्र वाकडे गेले, तर तेथून तडा सुरू होऊ शकतो. आणि पत्र्यावर पत्रा बसला की ते छिद्र पुन्हा कोणाला दिसत नाही. म्हणून घरगुती विमानाची खरी तपासणी पूर्ण झाल्यावर होत नसते. ती पंख बंद होण्यापूर्वी, टाकीला झाकण बसण्यापूर्वी, टप्प्याटप्प्याने व्हावी लागते. तयार विमान दारात आल्यावर त्याचे काय करायचे, असा विचार करणाऱ्या यंत्रणेने निम्मी संधी आधीच गमावलेली असते.

अमेरिकेत हा प्रश्न १९५० च्या दशकातच निकालात निघाला. हौशी बांधणीच्या विमानांसाठी तेथे ‘प्रायोगिक’ ही स्वतंत्र श्रेणी आहे. विमानाचा निम्म्याहून मोठा भाग स्वतः, शिक्षणासाठी वा हौसेसाठी बांधला असल्याचे दाखवावे लागते. बांधणाऱ्याने छायाचित्रे आणि कामाची दैनंदिनी ठेवायची. निरीक्षक विमान पाहतो, कागद तपासतो आणि परवान्याबरोबर अटी घालतो. सुरुवातीचे साधारण २५ ते ४० तासांचे उड्डाण दाट वस्तीपासून दूर, ठरवून दिलेल्या क्षेत्रातच करायचे असते. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या ‘एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ या संघटनेचे अनुभवी सदस्य नवख्यांना मार्गदर्शन करतात. ब्रिटनमध्ये तर तपासणीच्या कामाचा बराच भार हौशी वैमानिकांच्या संघटनेनेच उचलला आहे. दोन्हीकडे मंत्र्याच्या शिफारशीला जागा नाही. तिची गरजही पडत नाही.

अर्थात, या विमानांचे धोके झाकून चालणार नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे आकडे बोलके आहेत. खासगी व हौशी उड्डाणातील विमानांमध्ये घरी बांधलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के. परंतु २०११ मधील अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. इंजिन बंद पडणे आणि हवेत ताबा सुटणे ही प्रमुख कारणे होती. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की त्या वर्षी अपघात झालेल्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने बांधणाऱ्याकडून दुसऱ्याने विकत घेतलेली होती.

या शेवटच्या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कारखान्यातील विमानाबरोबर जाडजूड देखभाल पुस्तिका येते. घरच्या विमानाची पुस्तिका बांधणाऱ्याच्या डोक्यात असते. कोणती वाहिनी कोठून फिरवली, कोणता बोल्ट किती बलाने आवळला, इंधनाची गाळणी कोठे दडली आहे, हे त्याला ठाऊक असते. नव्या मालकाला नसते. म्हणूनच अमेरिकेत मूळ बांधणाऱ्याला त्याच्या विमानापुरते वार्षिक तपासणीचे प्रमाणपत्र मिळू शकते. विमान विकले, म्हणून नव्या मालकाला तो अधिकार मिळत नाही. ज्ञान तेथे अधिकार, असा हा सरळ हिशेब आहे.

देखभालीचे काम बांधणीइतके रोमांचक नसते. ठरावीक तासांनी तेल बदलायचे, सिलिंडरचा दाब मोजायचा, मॅग्नेटोची वेळ जुळवायची, नियंत्रणाच्या तारांचा ताण पाहायचा, रबरी नळ्या वयानुसार काढून टाकायच्या. प्रत्येक कामाची लॉगबुकात तारीखवार नोंद हवी. मीरा-भाईंदरसारख्या खाडी, समुद्र आणि मिठागरांच्या परिसरात त्यात आणखी एका शत्रूची भर पडते, ती म्हणजे खाऱ्या हवेतील गंज.

आणि येथेच विलंबाचा मुद्दा सुरक्षेचा मुद्दा होतो. विमान उभे असले म्हणजे सुरक्षित असते, ही समजूत चुकीची आहे. हलक्या विमानांत सर्रास आढळणाऱ्या लायकॉमिंग बनावटीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन आठवडेच्या आठवडे चालले नाही, तर त्यावरचा तेलाचा थर ओघळून जातो आणि दमट हवेत तो गंजू लागतो. म्हणूनच अशा इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीची मर्यादा उड्डाणाच्या तासांबरोबरच वर्षांतही मोजली जाते. सामान्यतः दोन हजार तास किंवा बारा वर्षे. फाइल टेबलावर पडून राहते, तेव्हा इंजिनाचे आयुष्यही झिजत असते. सावधगिरी म्हणून लावलेला उशीर, जपणूक नीट झाली नाही, तर विमान अधिक धोकादायक करू शकतो.

डीजीसीएची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. आपल्या शहरांची लोकवस्ती पाहता घरच्या विमानाने मुंबईवर घिरट्या घालाव्यात, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्यावर उपाय मनाई हा नसून क्षेत्राची अट हा आहे. धुळ्याच्या चाचणीने तेच दाखवले. राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत कमी वापराच्या धावपट्ट्या आहेत. त्यांतील एक-दोन ठिकाणे अशा चाचण्यांसाठी ठरवून देता येतील. पिस्टन इंजिनांना लागणारे विमान पेट्रोल पूर्वी आयात करावे लागे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशांतर्गत उत्पादित पेट्रोल बाजारात आणले, हीदेखील अनुकूल बाब आहे.

१९३४ च्या विमान कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. विमानाच्या आरेखनाचे नियमनही त्याच्या कक्षेत स्पष्टपणे आले आहे. नव्या कायद्याखालील नियमांत हौशी बांधणीसाठी एक स्वतंत्र, सुटसुटीत प्रकरण असावे. काम सुरू करतानाच नोंद, टप्प्याटप्प्याची तपासणी, प्रत्येक टप्प्यावरील निर्णयाला कालमर्यादा, चाचणीचे ठरलेले क्षेत्र, वार्षिक देखभालीची जबाबदारी कोणाची याचा स्पष्ट उल्लेख आणि विक्रीनंतरची फेरतपासणी, एवढ्या गोष्टी त्यात आल्या तरी पुरे. नकार द्यायचा असेल तर तोही लेखी, तांत्रिक कारणांसह आणि वेळेत द्यावा. त्रुटी कळली, तर माणूस ती दुरुस्त करू शकतो. मौनावर मात्र कोणतीही दुरुस्ती चालत नाही.

१८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची आख्यायिका आपण अजून अभिमानाने सांगतो. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा मात्र हाती लागत नाही. यादव यांच्या विमानाचे तसे नाही. त्याला नोंदणी आहे, परवानगी आहे, चाचणीची तारीख आहे. आख्यायिका आणि इतिहास यांत हाच फरक असतो. पुढच्या गच्चीवर जे कोणी काम सुरू करील, त्याच्या कामाचीही अशी नोंद पहिल्या रिव्हेटपासून व्हावी आणि त्यासाठी त्याला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, एवढी व्यवस्था उभारणे सरकारला अशक्य नाही.