बाई गाते, बाप्ये वाजवतात

एमएसडब्ल्यूच्या वर्गात आम्हाला ‘हार्लन कौंटी यूएसए’ हा १९७६ सालचा माहितीपट दाखवला होता. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या कोळसा खाणकामगारांचा संप, रस्ता अडवून उभ्या राहिलेल्या त्यांच्या बायका, आणि त्यामागे एका बाईचा कोरडा, धारदार, जराही न लाडावलेला आवाज. तो हेझल डिकन्स यांचा. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसापट्ट्यात वाढलेली, भाऊ खाणीत, स्वतः बाल्टिमोरच्या कारखान्यांत राबलेली ही बाई. तिच्या गाण्यांमुळे मी ब्लूग्रास या संगीताकडे वळले, आणि मग माझ्यातली कार्यकर्ती गप्प बसेना. कोण वाजवते, कोण निवडते, पैसे कोणाच्या हातात, हे प्रश्न मी कुठल्याही संस्थेला विचारते. मग गाण्याला का नाही?

या संगीताच्या व्यावसायिकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९८५ साली स्थापन झालेली. १९९० पासून ती दरवर्षी पुरस्कार देते आणि त्यांच्याभोवती मोठा मेळावा भरतो. ओवेन्सबरो, लुईव्हिल, नॅशव्हिल असे मुक्काम करत तो २०१३ ते २०२४ अशी बारा वर्षे रॅले शहराशी जोडलेला राहिला. २०२५ मध्ये चॅटनूगाला गेला. दिवसा चर्चासत्रे आणि धंद्याच्या गाठीभेटी, संध्याकाळी बँडचे कार्यक्रम, एका रात्री पुरस्कार समारंभ, आणि उत्तररात्रीपर्यंत हॉटेलच्या खोल्यांत, व्हरांड्यांत कोंडाळी करून वाजवणे.

मैत्रिणींनो, या पुरस्कारांची यादी एकदा नीट वाचण्यासारखी आहे. गायनासाठी स्त्री आणि पुरुष असे दोन वेगळे पुरस्कार. म्हणजे दर वर्षी एका बाईचे नाव पुकारले जाणार हे ठरलेलेच. वाद्यांसाठी मात्र असा भेद नाही. बँजो, फिडल, गिटार, मँडोलिन, बास, डोब्रो. जो उत्तम वाजवेल त्याला. वरवर पाहता याहून न्याय्य काय असेल? आता साल पाहा. बँजोचा पुरस्कार १९९१ साली ॲलिसन ब्राऊन यांना मिळाला. छान सुरुवात. पण बाससाठी मिसी रेन्स यांचे नाव यायला १९९८ उजाडले. फिडलसाठी बेकी बुलर आणि मँडोलिनसाठी सिएरा हल, दोघी २०१६ साली. गिटारसाठी मॉली टटल, २०१७. पंचवीस वर्षांहून अधिक काळ फिडल, मँडोलिन आणि गिटार उत्तम वाजवणारी एकही बाई नव्हती, असे मानायचे का?

गळा बाईचा आणि हात पुरुषाचा, ही वाटणी मुळापासूनची आहे. गळा देवाने दिलेला मानतात, म्हणून बाईला तो माफ. वाद्य म्हणजे कसब, रियाज, वेळ. आणि वेळ बाईच्या मालकीचा नसतो. बिल मन्रो यांना या संगीताचे जनक म्हणतात. त्यांच्या बँडमध्ये १९४०च्या दशकात सॅली ॲन फॉरेस्टर ॲकॉर्डियन वाजवत होत्या, तरी बँडचे नाव ‘ब्लू ग्रास बॉईज’ ते ‘बॉईज’च!

मला विचाराल तर खरी निवड पुरस्काराच्या मतपत्रिकेवर होतच नाही, ती व्हरांड्यातल्या त्या कोंडाळ्यात होते. ब्लूग्रासमध्ये सहसा ड्रम नसतो. प्रत्येक वादक आळीपाळीने पुढे येऊन आपला तुकडा वाजवतो, आणि पुढची पाळी कोणाची हे नुसत्या मानेच्या इशाऱ्याने ठरते. तो इशारा मुलीला ओलांडून पलीकडे गेला की ती मुकाट्याने साथ देत राहते. ओळखी तिथेच होतात, उद्या कोणाला बोलवायचे तेही तिथेच मनात ठरते. रात्री दोन वाजता तिथे कोण थांबू शकते? जिचे मूल खोलीत झोपले आहे ती नाही. अनोळखी पुरुषांच्या खोलीत वाद्य घेऊन शिरावे की नाही, असा विचार जिला करावा लागतो तीही नाही. आणि धीर करून जी वाजवते तिच्या वाट्याला शाबासकी कोणती? ‘मुलगी असून बरी वाजवतेस.’ मर्फी हिक्स हेन्री या बँजोवादक बाईंनी आपल्या २०१३ सालच्या ग्रंथाला याच शाबासकीचे नाव दिले आहे. १९९४ साली त्यांनी ब्लूग्रासमधल्या स्त्रियांसाठी एक वार्तापत्र सुरू केले होते. एकट्यादुकट्या पडलेल्या वादक बायकांना एकमेकींची नावे कळणे ही किती मोठी गोष्ट आहे, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

स्टेजमागच्या कामाचा हिशेब आणखी उशिरा झाला. लुईस स्क्रग्ज यांनी १९५०च्या दशकापासून पती अर्ल स्क्रग्ज आणि लेस्टर फ्लॅट यांच्या बँडचा सगळा व्यवहार सांभाळला. पती आणि फ्लॅट १९९१ सालीच, पहिल्याच यादीत, संघटनेच्या सन्मानदालनात गेले. लुईस २०१० साली, मृत्यूनंतर चार वर्षांनी. हेझल डिकन्स २०११ साली गेल्या. त्यांना आणि त्यांच्या जोडीदार ॲलिस जेरार्ड यांना तो मान २०१७ साली मिळाला.

यावर काहीजण म्हणतात, गायिकांचा वेगळा पुरस्कार काढून टाका, तोच कमीपणाचा आहे. मला हे पटत नाही. राखीव जागा नसली की काय होते याचा दाखला वाद्यांच्या यादीतच आहे. आणि ही जागा बायकांना अडवते असेही नाही. वर्षातल्या सर्वश्रेष्ठ कलावंताचा खुला पुरस्कार ॲलिसन क्राऊस आणि त्यांच्या बँडला १९९१ सालीच मिळाला होता, आणि २०२० मध्ये ‘सिस्टर सेडी’ या फक्त बायकांच्या बँडला. माझा आक्षेप इतकाच, की ती एक जागा दिली की आपले कर्तव्य संपले असे संघटनांना वाटू लागते.

आणखी एक गोष्ट सोडून चालणार नाही. वाद्यांचे कुलूप तोडणाऱ्या त्या पाचही जणी गोऱ्या आहेत. बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी घडवला. रिआनन गिडन्स यांनी २०१७च्या मेळाव्यातल्या बीजभाषणात हा इतिहास संघटनेसमोर मांडला. स्त्रीचा प्रश्न सोडवताना कोणती स्त्री, हे विचारावेच लागते.

तेव्हा माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. मेळाव्यात रात्रीही चालणारे पाळणाघर हवे. दिवसाउजेडी, मोकळ्या दालनात, पाळी ठरवून देणारी बाई बसवलेली वादनाची कोंडाळी हवीत. आणि नामांकन मिळालेल्या प्रत्येक बँडमध्ये किती बायका, त्यातल्या किती वाजवतात आणि किती नुसत्या गातात, याचा तक्ता दर वर्षी पुरस्कारांच्या यादीशेजारी छापावा.