अर्जनवीस आणि झेरॉक्सचे दुकान

निजामाच्या अमदानीत, म्हणजे १९४८ पूर्वी, मराठवाड्यातील कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चालत असल्यामुळे, ज्याला ती लिपी अवगत नाही अशा रयतेला अर्जनवीसाचे पाय धरावे लागत. परंतु तो अर्जनवीस कितीही लोभी असला तरी, दरखास्त लिहावयास बसण्यापूर्वी समोरच्याला त्याची हकीकत विचारणे त्याला भागच असे. आज नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांसमोर जी झेरॉक्सची दुकाने आहेत, तेथे एवढीही पृच्छा होत नाही. संगणकात कोणाचा तरी जुना रेझ्युमे तयारच असतो. त्यातले नाव, जन्मतारीख आणि टक्केवारी बदलली की पाच मिनिटांत नवा उमेदवार सिद्ध होतो. तीच आव्हानात्मक वातावरणात झटण्याची इंग्रजी प्रतिज्ञा, तेच क्रिकेटचे आणि गाणी ऐकण्याचे छंद, आणि ज्यात मजकूर असा काही नाहीच अशा त्या कागदाच्या तळाशी, वरील मजकूर सत्य असल्याची गंभीर ग्वाही!

या कागदात असत्य लिहिले जाते, ही माझी तक्रार नाही. सत्य गाळले जाते, ही आहे. सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या मोंढ्यातील आडतीवर बसून, पोत्यांची वजने उतरवून, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हाती पट्टी देणारा आणि सायंकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी न जाणारा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, रेझ्युमेत मात्र ‘अनुभव: नाही’ असे लिहून मोकळा होतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात आपल्या गल्लीतील टँकरच्या पाळ्या लावून भांडणे मिटविणाऱ्या तरुणाने ‘नेतृत्वगुण’ एवढाच निर्जीव शब्द लिहावा, याला काय म्हणावे? कोणत्या कामाची जबाबदारी होती, ती किती काळ सांभाळली, तिचे परिमाण काय आणि त्यातून निष्पन्न काय झाले, हे दोन ओळींत सांगता आले की रेझ्युमेचे निम्मे काम झाले.

नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यापासून चार जिल्ह्यांतील मुले एकाच नावाची पदवी घेऊन बाहेर पडतात. साहजिकच पुण्यातील वा हैदराबादेतील ज्या अधिकाऱ्यापुढे त्यांच्या अर्जांची चळत जाते, त्याला केवळ पदवीवरून त्यांच्यात निवड करता येत नाही. शिवाय पुष्कळ ठिकाणी पहिली छाननी यंत्र करते, आणि ते जाहिरातीतील शब्द अर्जात आहेत की नाहीत हेच प्रामुख्याने पाहते. म्हणून जाहिरातीत ‘टॅली’ आणि ‘जीएसटी’ मागितले असेल, आणि ते खरोखर येत असेल, तर त्याच शब्दांत ते लिहावे. सगळीकडे एकच कागद धाडू नये. वडिलांचा व्यवसाय, जात, उंची यांना त्यात स्थान नाही. लग्नाच्या बायोडाट्याची ही बाधा आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती नोकरीच्या कागदावरून उतरली पाहिजे.

सर्वांत नाजूक प्रश्न अभ्यासिकेतील वर्षांचा. तलाठी, पोलीस, एमपीएससी असे करीत तीन-चार वर्षे गेलेली मुले नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत घरोघर सापडतात, आणि खासगी नोकरीकडे वळताना ती वर्षे गुन्ह्यासारखी लपवितात. वस्तुतः तारखांतील ती पोकळी वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. तिच्यात तो काहीही कल्पून घेतो. त्यापेक्षा ‘२०२० ते २०२३: राज्यसेवेची तयारी, पूर्वपरीक्षा उत्तीर्ण’ असे, अर्थात ते खरे असल्यास, सरळ लिहावे, आणि त्या काळात शिकवण्या घेतल्या असतील तर त्याही नमूद कराव्यात. शिवाय त्या तयारीत सरावाने जमलेले, मराठी वा इंग्रजी परिच्छेद नीट वाचून त्याचा सारांश काढता येणे, हे कोणत्याही कचेरीत उपयोगी पडणारे कौशल्य आहे.

यावर वडीलधारी मंडळी म्हणतात, कागदाने काय होते, वशिला लागतो. लागत असेलही, परंतु मुंबईत बसलेले ते वजनदार पाहुणेसुद्धा हल्ली फोनवर सर्व हकीकत ऐकून घेतल्यानंतर एवढेच सांगतात की, पोराचा रेझ्युमे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या.