आज्ञावलीची परीक्षा रानात व्हावी

इच्छापोरहून हजिऱ्याकडे निघाले की तापीच्या मुखाचा खारा मुलूख लागतो. आकाशातून भरतीच्या वेळी टिपलेल्या चित्रात येथील तिवरांचा पट्टा एक दिसतो, ओहोटीच्या चित्रात दुसराच. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याला हे सांगावे लागत नाही. संगणकाला सांगावे लागते, आणि सांगणारा बहुधा खाडीत कधी उतरलेला नसतो. वननियोजनाच्या संगणकीय आज्ञावल्यांवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

तो काल्पनिक नव्हे. 2006 च्या वनाधिकार कायद्यानुसार आदिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. गुजरातेत कित्येक दावे उपग्रहचित्रात शेत दिसत नाही म्हणून फेटाळले गेले. मोहाच्या सावलीत पेरलेली नागली वरून रानासारखीच दिसणार, हे कोणत्याही शेतकऱ्याने क्षणात सांगितले असते. पण त्याला विचारतो कोण? अखेर 2012 साली नियमांत दुरुस्ती झाली. उपग्रहचित्र हा पूरक पुरावा आहे, तो इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, असे तीत स्पष्ट झाले. 2013 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्यांची फेरतपासणी करावयास लावली. गंमत अशी की, नर्मदा जिल्ह्यातील ग्रामस्थांनी स्वतः जी. पी. एस. यंत्रे हाती घेऊन आपली वावरे मोजली होती. म्हणजे वैर यंत्राशी नव्हतेच.

मध्य प्रदेशाने 2019 मध्ये दाव्यांच्या फेरविचारासाठी 'वनमित्र' ही प्रणाली आणली. जेथे संपर्काची तार वा लहर पोहोचत नाही, अशा पाड्यांतील लोकांची त्यावर तक्रार व्हावी, यात नवल ते काय?

आज्ञावलीचा उपयोगकर्ता म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणचा साहेब, ही समजूतच मुळात चुकीची आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात व्यवस्थापनाचा आराखडा करण्याचा अधिकार नियमांनीच ग्रामसभेच्या समितीला दिला आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. बांबू केव्हा, किती तोडावा, हे तेथे गावच ठरवते. अशा गावाला आज्ञावलीच्या चाचणीत पाहुणा म्हणून बोलावणे हा उपचार झाला. तो तर तिचा मालक आहे.

म्हणून सुरत जिल्ह्यापुरते आमचे सांगणे साधे आहे. आज्ञावली कोणतीही असो, ती आधी उमरपाडा व मांडवीच्या रानात, एक पावसाळा आणि एक उन्हाळा, वनरक्षक व वनहक्क समित्यांच्या हाती द्यावी. जाळे नसतानाही ती चालावी. त्यांनी दाखविलेली प्रत्येक उणीव गुजरातीत लिहून घ्यावी, आणि ती कशी दूर केली, ग्राह्य धरली नसल्यास का, याचे उत्तर त्याच ग्रामसभेत वाचून दाखवावे. ते वाचून होईपर्यंत कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता चुकता करू नये.