रविवारचा चढ, सोमवारची सायकल

दिवाळी झाली, पहाटेची हवा बोचू लागली की खान्देशातल्या तालुक्याच्या गावांतून रविवारी हेल्मेटधारी सायकलस्वार दिसू लागतात. पाचोराही त्याला अपवाद नाही. कोणी भडगावला गिरणेच्या काठापर्यंत जाऊन येतो, कोणी वरखेडी-शेंदुर्णीकडे वळतो, आणि ज्यांच्या मांड्यांत दम आहे ते पहूर ओलांडून फर्दापूरपर्यंत, अजिंठ्याच्या पायथ्याशी पोचतात. बहुतेकांनी चाळिशी ओलांडलेली असते. व्यापारी, शिक्षक, बँकेतले, काही डॉक्टरही. घरात मोटारसायकल आली तेव्हा सुटलेली सायकल आता गियर लावून परत आली आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. ती फक्त रविवारीच येते, एवढेच बरे नाही.

हा मुलूख मोटारीतून जाणाऱ्याला सपाट वाटतो. सायकलवर बसले की खरा कळतो. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, तिथून उत्तरेकडे उतरत गेलेली काळी जमीन, आणि गिरणेच्या ओढीने वाहणाऱ्या तितूर, हिवरा, बहुळा अशा नद्या. शिवाय नाले तर मोजायलाच नकोत. त्यांना आडवा जाणारा रस्ता पुलाकडे उतरतो आणि पूल संपला की चढतो. पाचोरा-जामनेर ही छोटी 'पीजे' गाडी २०२० पासून बंद आहे. तिच्या रुळांची चढण आखणाऱ्यांनी तरी बेताची ठेवली होती. रस्त्यांवर तशी मेहेरबानी कोणी केलेली नाही.

शरीराच्या दृष्टीने या उंचसखलपणाचा अर्थ काय? ७० किलोचा माणूस आणि १५ किलोची सायकल असा ढोबळ हिशेब धरला, तर सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने जायला पायांना साधारण ५० वॅट शक्ती लागते. शंभर मीटरला चार मीटर असा चढ लागला, की वेग ताशी १० किलोमीटरवर आणूनही ही मागणी दुपटीवर जाते. असा चढ डोळ्यांना धड चढ वाटतही नाही. हृदयाला मात्र तो लगेच कळतो. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, आणि सोबतचे चौघे पुढे निघून गेलेले असतील तर 'मागे पडलो' या भावनेने माणूस आणखी जोर लावतो. पन्नाशीच्या माणसाला दमवण्यात घाटापेक्षा मोबाइलवरच्या ग्रुपचा वाटा मोठा असतो.

इथे १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आठवण्यासारखा आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रुग्णांना, झटका येण्याआधीच्या तासाभरात त्यांनी जोराचे श्रम केले होते का, हे विचारण्यात आले. असे श्रम एरवी आठवड्यातून एकदाही न करणाऱ्यांत त्या तासाभरातला धोका विश्रांतीच्या वेळेपेक्षा शंभर पटींहून अधिक निघाला. आठवड्यातून एक-दोनदा करणाऱ्यांत तो सुमारे १९ पट होता, आणि पाच किंवा अधिक वेळा करणाऱ्यांत अवघा अडीच पटीच्या आसपास. आकडे ऐकून सायकल विकायला काढू नये. कुठल्याही एका तासात झटका येण्याची शक्यता मुळातच अतिशय कमी असते, आणि अत्यंत लहान आकड्याची १९ पट हाही लहानच आकडा असतो. पण उतरंड स्पष्ट आहे. चढ तोच, रस्ता तोच. आठवडाभर पाय कितीदा हलले यावर तो चढ किती महाग पडेल हे ठरते.

आठवड्याचा व्यायाम शनिवार-रविवारीच उरकणाऱ्यांनाही फायदा होतो, असे अलीकडच्या काही मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा रविवारची सफर फुकट जाते असे कोणी म्हणू नये. मात्र सायकलचा म्हणून जो भरघोस फायदा सांगितला जातो, त्याचे बरेच पुरावे सफरीवाल्यांचे नाहीतच; ते कामावर सायकलने जाणाऱ्यांचे आहेत. कोपनहेगनच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कामावर सायकलने न जाणाऱ्यांचे मृत्युप्रमाण जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त होते. ब्रिटनमधल्या २,६३,४५० लोकांच्या २०१७ च्या अभ्यासात कामावर सायकलने जाणाऱ्यांचे मृत्युप्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसले. मुळात निरोगी माणसेच सायकल चालवतात, ही शंका अशा अभ्यासांत पूर्ण फिटत नाही. तरी दोन देशांत चित्र सारखे आहे. आणि या चित्रातली माणसे अंगाला चिकटणारे रंगीत कपडे घालून निघालेली नव्हती. ती कचेरीला, कारखान्याला निघाली होती.

पाचोऱ्यासारख्या गावात हे सर्वांत सोपे असायला हवे. स्टेशनपासून घर, घरापासून बाजार समिती, शाळा, तहसील; बहुतेक अंतरे दोन-तीन किलोमीटरची. दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता. जाऊन-येऊन रोज अर्धा तास, असे पाच दिवस केले की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे तिथेच भरतात. पण चाळीस हजारांची सायकल बाळगणारा माणूस सोमवारी दूध आणायलाही स्कूटर काढतो. कारण अंतर नव्हे, इभ्रत. रविवारची सायकल हौसेची आणि सोमवारची गरिबीची, असा हिशेब गावाने मनात पक्का केला आहे. याच गावात एकेकाळी कॅरिअरला डबा लावून मास्तर शाळेत जात होते आणि पोरे नळीखालून पाय घालून कैची मारत सायकल शिकत होती, हे फार जुने झालेले नाही.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. त्यांचे फोटो पाहून कोणाला हुरूप येत असेल तर उत्तमच. त्या फोटोंच्या मागे वर्षानुवर्षांची रोजची रपेट असते, ती फोटोत येत नाही.

म्हणून चाळिशी ओलांडलेल्याने आधी दोन महिने गावातल्या गावात रोज सायकल चालवावी, मग भडगावचा रस्ता, मग शेंदुर्णी. फर्दापूरहून अजिंठा गावाकडे चढणारा घाट सर्वांत शेवटी. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकार, यांपैकी काही असेल तर चढाच्या आधी डॉक्टरांना दाखवावे. चढावर किती जोर लावायचा, याला यंत्र लागत नाही: सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की गियर हलका करावा, तरी भागले नाही तर उतरून सायकल हातात धरून चालावे. त्यात कमीपणा नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळापेक्षा हा बोलण्याचा हिशेब खरा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी. साखर उतरल्याचा घाम आणि चढाचा घाम दिसायला सारखाच असतो. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांना 'पित्त झाले' म्हणून घरापर्यंत ओढत नेऊ नये. तिथेच थांबावे आणि १०८ ला फोन करावा. गुडघे दुखत असतील तर बहुधा सीट फार खाली असते; औषधाआधी पाना शोधावा.

मार्चनंतर इथला सूर्य सबब ऐकत नाही. पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या दिवसांत आठच्या आत घरी असणे हाच नियम. तासाभराहून जास्त चालवायचे असेल तर पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडी साखर असावी. रक्तदाबवाल्यांनी मिठाचे डॉक्टरांना विचारून घ्यावे. अंधारात निघताना मागचा लाल दिवा हवाच, कारण कापसाच्या आणि उसाच्या ट्रॉल्यांना बऱ्याचदा तोही नसतो.

रोजच्या कामाला सायकल चालवणारा एक वर्ग अजून शिल्लक आहे: शाळकरी मुली. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सरकारी मदतीने सायकली मिळतात. ऊन, चढ, वाहती वाहने सगळे सांभाळत त्या रोज येतात-जातात, आणि त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. बारावी झाली की बऱ्याच घरांत ती सायकल धाकट्या भावाकडे जाते. पुढे तीच मुलगी चाळिशीत गुडघे आणि वाढलेली साखर घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी राहते, आणि डॉक्टर तिला सांगतात, जरा चालत जा, सायकल वगैरे चालवत जा.