गृहशिल्प : बाळाची गोधडी – दोरा कोणता, शेवट कसा?

माणदेशांतील थंडी कोरडी व बोचरी. म्हसवडास मार्गशीर्षांत श्रीसिद्धनाथाची रथयात्रा भरते, त्या सुमारास घरोघर गोधड्या उन्हें खात पडलेल्या दिसतात. या भागाची खरी ऊब घोंगडीची. परंतु लोकर खरखरीत, शिवाय तिला चिंचोक्याची खळ दिलेली. तान्ह्या अंगाला आजीच्या मऊ लुगड्याचीच गोधडी हवी. ती शिवणें बहुतेक भगिनींस ठाऊकच आहे. परंतु दोरा व शेवट यांकडे पुष्कळदां दुर्लक्ष होतें, म्हणून आज तेवढ्याचाच विचार करूं.

दोरा कापडाहून बळकट असूं नये, हें पहिलें सूत्र. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाहीं म्हणून अनेकींस आवडतो. पण जुनें लुगडें विरलेलें असतें, आणि ताण बसला म्हणजे न तुटणारा दोरा कापडासच चिरतो. तुटलेला टांका पुन्हा घालतां येतो. चिरलेलें कापड सांधणें कठीण. म्हणून सुती कापडास सुती दोराच घ्यावा. सुती दोऱ्याचा अंक जितका मोठा तितका तो बारीक, हें खरेदी करतांना ध्यानांत असावें. रंगीत दोरा भिजवून पांढऱ्या फडक्यांत दाबून पाहावा. रंग उतरल्यास घेऊं नये. नवें कापड जोडावयाचें असल्यास आधीं धुवून आटवून घ्यावें. सुईंत दोरा दीड हाताहून लांब ओंवूं नये. तो कापडांतून वारंवार ओढला जाऊन पिंजतो.

पदर पसरल्यावर मध्यापासून कडांकडे कच्चे टांके घालावे, म्हणजे झोळ राहत नाहीं. मग बोटभर अंतरानें बारीक धांवदोरा घालावा. दोरा संपला म्हणजे गांठ मारून शेपूट वर सोडूं नये. जागच्या जागीं दोन-तीन उलटे टांके घेऊन उरलेला दोरा पदरांच्या आंत ओढून मग कापावा.

हा केवळ नेटकेपणाचा प्रश्न नव्हे. सुटलेला दोरा वा लांब टांका तान्ह्याच्या बोटाभोंवतीं गुंडाळला गेला, तर रक्त अडून बोट सुजतें व निळें पडतें. मूल कारणावांचून रडत राहिलें, तर हातापायांचीं बोटें अवश्य पाहावीं. दोरा रुतला असल्यास विलंब न लावतां डॉक्टरांकडे न्यावें. याच कारणानें मणी, आरसे, गोंडे व गुंड्या बाळाच्या गोधडीस लावूं नयेत. वर्षाच्या आंतील मुलास झोंपेंत गोधडी पांघरूं वा अंथरूं नये. तिनें नाकतोंड झांकलें जाण्याचें भय असतें. जागेपणीं, नजरेसमोर, जमिनीवर खेळवावयास मात्र ती उत्तम.

कडेस उरेब पट्टी लावावी. सरळ पट्टीच्या घडीवर एकच उभा धागा झिजतो. उरेब पट्टींत झीज अनेक धाग्यांवर वांटली जाते, आणि गोल कोपऱ्यावरहि ती सुरकुतत नाहीं. पट्टी एका बाजूनें टीप घालून जोडावी, उलटवावी व दुसऱ्या बाजूस बारीक टांक्यांनीं बसवावी.

धुतल्यावर ओली गोधडी फार जड होते. ती कडेनें टांगूं नये, दोरीवर मध्यावर पसरावी. नाहींतर सारा भार कडेच्या टांक्यांवर येतो. इतकें सांभाळल्यास थोरल्याची गोधडी धाकट्यासहि पुरेल, असा आमचा भरंवसा आहे.